मोशे बेन मैमोन

मोशे बेन मैमोन (जन्म : इ.स. ११३८ किंवा ११३५, कोर्दोबा, स्पेन, मृत्यू : डिसेंबर १२०४, फुस्तात, इजिप्त) हे मध्ययुगातील ज्यू धर्मशास्त्रकार, तत्त्वज्ञ आणि वैद्य होते. युरोपात ते मायमोनिडीस या नावाने ओळखले जातात. ज्यू परंपरेत रब्बी मोशे बेन मैमोन या नावाच्या आद्याक्षरांवरून त्यांना रंबम असे म्हणतात. मिश्ने तोरा हा त्यांचा विधिग्रंथ आणि दलालत अल्-हाइरीन (संभ्रमितांचा मार्गदर्शक) हा तत्त्वज्ञानविषयक ग्रंथ या त्यांच्या दोन प्रमुख कृती होत.

ज्यू धर्मातील प्रत्येक आज्ञेमागे काही कारण असलेच पाहिजे, असे रंबम यांचे मत होते. त्याच वेळी, कारण कळो अथवा न कळो, आज्ञा काटेकोरपणे पाळली पाहिजे, असाही त्यांचा आग्रह होता. या दोन भूमिकांचा संबंध ज्या नियमांच्या विवेचनात स्पष्ट दिसतो, त्यांत वस्त्रातील लोकर आणि लिनन यांच्या मिश्रणाला मनाई करणारा शातनेझचा नियम महत्त्वाचा आहे.

जन्म आणि स्थलांतर

रंबम यांचा जन्म कोर्दोबा येथील विद्वान घराण्यात झाला. त्यांचे वडील मैमोन बेन योसेफ हे ज्यू धर्मन्यायालयाचे न्यायाधीश होते. तोरा आणि तालमूद यांचे प्रारंभिक शिक्षण रंबम यांना वडिलांकडूनच मिळाले. अरबी भाषेतून त्यांनी तर्कशास्त्र, गणित, खगोलशास्त्र आणि वैद्यक यांचाही अभ्यास केला.

इ.स. ११४८ मध्ये उत्तर आफ्रिकेतील अल्मोहाद राजवटीने कोर्दोबा जिंकले. नव्या राज्यकर्त्यांनी ज्यू आणि ख्रिस्ती प्रजेला पूर्वीपासून असलेले संरक्षण काढून घेतले. धर्मांतर करावे किंवा देश सोडावा, असा पेच अनेक कुटुंबांपुढे उभा राहिला. मैमोन यांचे कुटुंब काही वर्षे स्पेनमध्ये ठिकठिकाणी भटकत राहिले आणि इ.स. ११६०च्या सुमारास मोरोक्कोतील फेज शहरी आले. तेथेही अल्मोहादांचीच सत्ता होती. बळजबरीने बाह्यतः धर्म बदललेल्या ज्यूंना धर्मबाह्य ठरवू नये, त्यांनी गुप्तपणे केलेली प्रार्थनाही व्यर्थ नाही आणि संधी मिळताच त्यांनी तो देश सोडावा, असे प्रतिपादन करणारे एक पत्र रंबम यांनी याच काळात लिहिले. विधींच्या बाबतीत कठोर असलेल्या या शास्त्रकाराने संकटात सापडलेल्या माणसाकडे पाहताना घेतलेली ही सौम्य भूमिका त्यांच्या चरित्रात लक्षणीय ठरते.

इ.स. ११६५ मध्ये हे कुटुंब समुद्रमार्गे आक्रा येथे पोहोचले. जेरुसलेम आणि हेब्रोन येथील पवित्र स्थानांचे दर्शन घेऊन ते इजिप्तला गेले आणि अखेर कैरोलगतच्या फुस्तात या शहरात स्थायिक झाले. इ.स. ११६८ मध्ये रंबम यांनी मिश्नावरील आपले अरबी भाष्य पूर्ण केले. प्रवासात, ग्रंथ जवळ नसताना आणि कधी गलबतावर असतानाही त्यांचे हे लेखन चालू होते.

फुस्तातमधील जीवन

फुस्तात हे त्या काळी व्यापाराचे मोठे केंद्र होते. नाईल नदीच्या काठी जवसाचे पीक विपुल येत असे. मराठी स्वयंपाकघरात ज्याच्या बियांची चटणी होते तेच हे जवस किंवा अळशी. त्याच्या खोडातील तंतूंपासून लिननचा धागा निघतो. जवसाचे तंतू आणि लिनन कापड यांचा व्यापार इजिप्तमधील ज्यू व्यापाऱ्यांच्या उपजीविकेचे एक प्रमुख साधन होते, हे फुस्तातच्या जुन्या सिनेगॉगमधील गेनिझा या कागदपत्रांच्या संग्रहावरून दिसून येते. कापडासंबंधीचे धर्मनियम या समाजात रोजच्या व्यवहाराशी जोडलेले होते.

रंबम यांचा धाकटा भाऊ दावीद रत्नांचा व्यापारी होता. त्याच्या मिळकतीवर घर चाले आणि रंबम यांना अध्ययनासाठी मोकळीक मिळे. इ.स. ११७०च्या सुमारास दावीदने तांबड्या समुद्रावरील ऐधाब बंदरातून भावाला लिहिलेले पत्र गेनिझामध्ये सापडले असून ते आता केंब्रिज विद्यापीठात जतन केलेले आहे. ऐधाबला निळीखेरीज विकत घेण्याजोगे काहीच मिळाले नाही, म्हणून आपण भारताकडे जाणाऱ्या जहाजात बसत आहोत, असे त्याने त्यात कळवले आहे. वाळवंटात ज्याने आपल्याला वाचवले तोच समुद्रातही वाचवील, अशी त्याची श्रद्धा होती. पुढे दावीद हिंदी महासागरात जहाज बुडून मरण पावला. त्याच्याबरोबर कुटुंबाची आणि इतरांचीही संपत्ती गेली. त्याची विधवा आणि लहान मुलगी यांची जबाबदारी रंबम यांच्यावर आली. या आघाताने ते सुमारे वर्षभर अंथरुणाला खिळून होते. त्यानंतर काही वर्षांनी लिहिलेल्या एका पत्रात भावाचे हस्ताक्षर दिसले की आपले काळीज हेलावते, अशा आशयाची व्यथा त्यांनी व्यक्त केली आहे.

धर्मज्ञानाच्या बदल्यात वेतन घेणे रंबम यांना मान्य नव्हते. म्हणून त्यांनी वैद्यकी हा व्यवसाय स्वीकारला. इ.स. ११७१च्या सुमारास त्यांना इजिप्तमधील ज्यू समाजाचे प्रमुखपद मिळाले. याच वर्षी सलाउद्दीनने फातिमी खिलाफत संपुष्टात आणली. सलाउद्दीनचा विश्वासू मंत्री अल्-कादी अल्-फादिल याचा आश्रय रंबम यांना लाभला आणि पुढे ते राजदरबारी वैद्य झाले.

ग्रंथरचना

रंबम यांनी अरबी भाषेत सेफर हा-मित्सवोत हा ग्रंथ लिहून त्यात तोरामधील ६१३ आज्ञांची यादी निश्चित केली. त्यांपैकी २४८ विधायक आणि ३६५ निषेधात्मक आहेत. निषेधात्मक आज्ञांत लोकर आणि लिनन यांचे मिश्र वस्त्र न नेसण्याची आज्ञा ४२ व्या क्रमांकावर येते.

त्यानंतर सुमारे दहा वर्षे परिश्रम करून त्यांनी हिब्रू भाषेत मिश्ने तोरा हा ग्रंथ पूर्ण केला. त्याचे १४ खंड आहेत. तालमूदमधील चर्चा विस्तृत असून एकाच विषयावरील मते अनेक ठिकाणी विखुरलेली असतात. सामान्य माणसाला नियम थेट समजावा, या हेतूने रंबम यांनी वादविवाद वगळून विषयवार निर्णय मांडले. आधारग्रंथांचे निर्देश न दिल्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली, परंतु या ग्रंथाचा पुढील विधिग्रंथांवर मोठा प्रभाव पडला. इ.स. ११९०च्या सुमारास त्यांनी दलालत अल्-हाइरीन हा ग्रंथ हिब्रू लिपीत लिहिलेल्या अरबी भाषेत पूर्ण केला. धर्म आणि तत्त्वज्ञान या दोहोंचा अभ्यास करून संभ्रमात पडलेल्या शिष्यासाठी तो लिहिलेला आहे.

शातनेझचा नियम

तोरामध्ये लेवीय (१९:१९) आणि अनुवाद (२२:११) या पुस्तकांत मिश्र वस्त्राला मनाई केलेली आहे. लेवीयमध्ये हा नियम दोन जातींच्या पशूंचा संकर करण्याच्या आणि शेतात दोन प्रकारचे बी एकत्र पेरण्याच्या निषेधाबरोबर येतो. या सर्व मिश्रणांना हिब्रूमध्ये किलायिम म्हणतात. वस्त्राच्या मिश्रणासाठी शातनेझ हा खास शब्द आहे. पिंजणे, कातणे आणि विणणे या तीन क्रियांच्या हिब्रू नावांतून तो झाला, असे मिश्नामध्ये स्पष्टीकरण दिलेले आहे.

मिश्ने तोरामधील शेतीविषयक सातव्या खंडात किलायिमचे नियम दहा अध्यायांत दिले असून शेवटचा अध्याय वस्त्रांसंबंधी आहे. त्यातील प्रमुख मुद्दे पुढीलप्रमाणे आहेत.

निषिद्ध तंतू : निषेध केवळ मेंढीची लोकर आणि जवसाचे लिनन यांच्या मिश्रणाला आहे. कापूस, ताग यांसारखे तंतू या दोहोंपैकी कशाशीही मिसळता येतात. उंटाचे केस आणि मेंढीची लोकर एकत्र पिंजली असेल, तर ज्याचे प्रमाण अधिक त्यानुसार निर्णय होतो.

प्रमाण : या निषेधाला किमान मर्यादा नाही. लिननच्या मोठ्या वस्त्रात लोकरीचा एक बारीक धागा असला, तरी ते वस्त्र वर्ज्य ठरते.

जोडणी : लोकर आणि लिनन एकत्र पिंजले, कातले, विणले किंवा शिवले, तरी ते मिश्रणच होय. लोकरीचे आणि लिननचे कापड रेशमी धाग्याने एकमेकांस शिवले, तरीही निषेध लागू होतो. मात्र एकच टाका घातल्याने जोड होत नाही. दोन टाके घातले किंवा एका टाक्याची दोन्ही टोके बांधली, तर जोड झाली असे मानतात.

परिधान : निषेध नेसण्याचा आणि पांघरण्याचा आहे. असे कापड विणणे किंवा विकणे निषिद्ध नाही. कापडविक्रेत्याने माल अंगाखांद्यावर टाकून नेला, तरी ऊन किंवा पाऊस यांपासून बचाव करण्याचा त्याचा हेतू नसावा. अधिक काटेकोर विक्रेते असे कपडे काठीला अडकवून पाठीमागे नेत आणि तसेच शिंपी असे वस्त्र जमिनीवर ठेवून शिवत. प्रेताच्या कफनाला हा नियम लागू नाही, कारण मृत व्यक्ती आज्ञांच्या बंधनातून मुक्त झालेली असते.

दृष्टिभ्रम : रेशीम दिसायला लिननसारखे असल्याने पाहणाऱ्याचा गैरसमज होऊ नये, म्हणून ते लोकरीबरोबर वापरण्यास पूर्वीच्या आचार्यांनी मनाई केली होती. रंबम यांनी ती नोंदवली आहे. पुढे सोळाव्या शतकात योसेफ कारो यांनी, रेशीम आता सर्वांच्या परिचयाचे झाले असल्याने ही मनाई उरलेली नाही, असा निर्णय दिला.

हरवलेला धागा : लोकरीच्या वस्त्रात लिननचा धागा गेला आहे हे ठाऊक आहे, परंतु तो सापडत नाही, अशा वेळी काय करावे, याचाही विचार तालमूदच्या आधारे केलेला आहे. ते वस्त्र रंगवावे. लोकर आणि लिनन सारखा रंग धरत नाहीत, त्यामुळे वेगळा धागा उठून दिसतो आणि तो काढून टाकता येतो. रंगवूनही धागा दिसला नाही, तर तो आधीच निघून गेला असावा असे मानून वस्त्र वापरण्यास परवानगी आहे.

प्रतिष्ठा आणि आज्ञा

याच अध्यायात रंबम यांचा एक अत्यंत कठोर निर्णय आहे. तोराने निषिद्ध ठरवलेले मिश्र वस्त्र कोणाच्या अंगावर दिसले, तर तो माणूस भर बाजारात चालत असला तरी ते तत्काळ अंगावरून फाडून काढावे. तो स्वतःचा गुरू असला तरी हाच नियम. माणसाची प्रतिष्ठा मोठी खरी, परंतु तोराच्या स्पष्ट निषेधापुढे ती गौण ठरते, असे त्याचे कारण दिलेले आहे. वस्त्राचा निषेध तोराचा नसून केवळ नंतरच्या आचार्यांनी घातलेला असेल, तर मात्र ते चारचौघांत फाडू नये. तेथे माणसाच्या प्रतिष्ठेला प्राधान्य मिळते.

हा निर्णय सर्वमान्य झाला नाही. आशेर बेन येहीएल (इ.स. सुमारे १२५०–१३२७) यांच्या मते, नेसणाऱ्याला आपल्या वस्त्रातील मिश्रणाची कल्पनाच नसेल, तर त्याला लोकांसमोर लज्जित करू नये. तो घरी पोहोचेपर्यंत गप्प राहावे. शुल्हान आरूख या विधिग्रंथात योसेफ कारो यांनी रंबम यांचा निर्णय स्वीकारला, तर त्यावरील टिपणांत मोशे इस्सर्लेस यांनी आशेर यांचे मत नोंदवले. अजाणता झालेल्या चुकीसाठी माणसाला किती अपमान सोसायला लावावा, हा या मतभेदाचा गाभा आहे.

पुरोहितांच्या कमरपट्ट्याविषयीही असाच वाद झाला. जेरुसलेमच्या मंदिरातील पुरोहितांचा कमरपट्टा लोकर आणि लिनन यांचाच असे, कारण तोरानेच तसे सांगितले होते. रंबम यांच्या मते ही मुभा प्रत्यक्ष सेवेपुरतीच होती. सेवा संपल्यावर मंदिरातही तो पट्टा बांधणे निषिद्ध होते. प्रोव्हान्समधील अब्राहम बेन दावीद यांनी तालमूदचा आधार देऊन या मताला तीव्र विरोध केला.

नियमामागील कारण

शातनेझची गणना हुक्किम या वर्गात होते. ज्यांचे कारण सहजासहजी समजत नाही, अशा आज्ञांना हुक्किम म्हणतात. अकराव्या शतकातील भाष्यकार राशी यांनी अशा आज्ञांकडे राजाज्ञा म्हणून पाहिले. राजाज्ञेचे कारण विचारायचे नसते, अशी त्यांची भूमिका होती.

रंबम यांनी हे मान्य केले नाही. ईश्वर निरर्थक आज्ञा देणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. संभ्रमितांचा मार्गदर्शक या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात त्यांनी शातनेझचा संबंध प्राचीन मूर्तिपूजक पंथांशी जोडला. त्या पंथांचे पुरोहित वनस्पतिज आणि प्राणिज तंतूंचे एकत्र वस्त्र नेसत आणि हातात खनिजाची मुद्रा धारण करत, असे त्यांनी जुन्या ग्रंथांच्या वाचनावरून नमूद केले आहे. ती पूजापद्धती समाजातून नाहीशी व्हावी, यासाठी तिची बाह्य चिन्हेही वर्ज्य करण्यात आली, असा त्यांचा निष्कर्ष होता.

इतरांनी वेगळी कारणे दिली आहेत. पहिल्या शतकातील इतिहासकार जोसेफस यांच्या मते मिश्र वस्त्र पुरोहितांसाठी राखीव होते, म्हणून इतरांना ते वर्ज्य होते. तेराव्या शतकातील मोशे बेन नाहमान यांनी किलायिमच्या नियमांचा संबंध ईश्वराने निर्माण केलेल्या जातींची सरमिसळ न करण्याशी लावला.

रंबम यांच्या स्पष्टीकरणातून एक अवघड प्रश्न उभा राहतो. कारण जर इतिहासात दडलेले असेल आणि ते पंथ नष्ट झालेले असतील, तर नियम तरी का उरावा? रंबम यांच्या लेखनात याचे उत्तर मिळते. धर्मनियम काळ आणि व्यक्ती यांच्या बदलत्या परिस्थितीप्रमाणे बदलत नसतो, असे ते मार्गदर्शकमध्येच सांगतात. मिश्ने तोरामध्ये तर, ज्या आज्ञेचे कारण आपल्याला सापडत नाही ती क्षुल्लक समजू नये, असा त्यांनी इशारा दिला आहे. मिश्नावरील भाष्याच्या एका प्रस्तावनेत त्यांनी आणखी एक भेद केला आहे. हत्या, चोरी यांसारख्या दुष्कृत्यांची इच्छाच मनात न येणे हे सज्जनाचे लक्षण होय. परंतु शातनेझसारख्या आज्ञांबाबत असे वस्त्र आवडतच नाही, असे म्हणण्याची आवश्यकता नाही. ते नेसावेसे वाटले, तरी आज्ञा आहे म्हणून नेसत नाही, अशी वृत्ती असावी. मिश्र वस्त्रात स्वतःचे असे काही वाईट नाही, हे यातून सूचित होते.

अखेरचा काळ

इ.स. ११९९ मध्ये मार्गदर्शकचे हिब्रू भाषांतर करणाऱ्या शमुएल इब्न तिब्बोन यांना लिहिलेल्या पत्रात रंबम यांनी आपल्या दिनक्रमाचे वर्णन केले आहे. रोज सकाळी ते फुस्तातहून कैरोला दरबारात जात आणि दुपारनंतर भुकेने व्याकूळ होऊन परतत. घराचे अंगण ज्यू आणि ज्यूेतर रुग्णांनी भरलेले असे. त्यांची क्षमा मागून ते थोडे खाऊन घेत, तेवढाच त्यांचा दिवसभराचा आहार होता. त्यानंतर रात्रीपर्यंत ते रुग्ण तपासत आणि थकव्यामुळे पडल्या पडल्या औषधे सांगत. शब्बाथच्या दिवशी समाजातील लोक मार्गदर्शनासाठी येत. दमा, विष आणि त्यांवरील उपाय, आरोग्यरक्षण इत्यादी विषयांवर त्यांनी अरबी भाषेत वैद्यकीय ग्रंथही लिहिले.

डिसेंबर १२०४ मध्ये फुस्तात येथे त्यांचे निधन झाले. परंपरेनुसार त्यांची समाधी गॅलिलीतील तिबेरियास येथे आहे. त्यांच्यानंतर त्यांचे पुत्र अब्राहम (इ.स. ११८६–१२३७) यांच्याकडे समाजाचे प्रमुखपद आले.

भारताशी संबंध

दक्षिण फ्रान्समधील लुनेल येथील विद्वानांना लिहिलेल्या पत्रात रंबम यांनी भारतातील ज्यूंचा ओझरता उल्लेख केला आहे. त्यांना शब्बाथ आणि सुंता यांखेरीज धर्मनियमांची माहिती नाही, असे त्यांना कळले होते. हे वर्णन नेमक्या कोणत्या समाजाचे आहे, ते पत्रात सांगितलेले नाही. कोकणातील बेने इस्रायल समाज तेल गाळण्याचा व्यवसाय करी आणि शनिवारी घाणा बंद ठेवी, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. या समाजाला विस्मृतीत गेलेले धर्मनियम दावीद रहाबी नावाच्या पुरुषाने पुन्हा शिकवले, अशी परंपरा आहे. हा रहाबी म्हणजे रंबम यांचा भाऊ दावीद असावा, असाही एक तर्क केला गेला. परंतु त्याला पुरावा नाही आणि दावीदच्या जलसमाधीविषयी रंबम यांनीच लिहून ठेवलेले आहे.

प्रभाव

रंबम यांच्या तत्त्वज्ञानावरून तेराव्या शतकात ज्यू समाजात तीव्र वाद झाले आणि काही विद्वानांनी त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासावर बंदी घातली. ख्रिस्ती तत्त्वज्ञ टॉमस अक्वायनस यांनी मात्र त्यांच्या मतांची आदराने दखल घेतली. मिश्ने तोरा हा शुल्हान आरूखच्या प्रमुख आधारांपैकी एक ठरला आणि त्या मार्गाने शातनेझविषयीचे रंबम यांचे अनेक निर्णय आजच्या आचारात आले.

आधुनिक काळात शिवलेल्या लोकरी कोटाच्या कॉलरमध्ये ताठपणासाठी लिननचे अस्तर घातलेले असू शकते आणि ते बाहेरून दिसत नाही. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात १९४०च्या दशकात योसेफ रोझेनबर्गर यांनी अशा कपड्यांच्या तपासणीसाठी प्रयोगशाळा सुरू केली. आता अनेक देशांत अशी केंद्रे आहेत. तेथे शिवण थोडी उसवून धागा काढतात आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. लिनन आढळल्यास ते काढून त्या जागी दुसरे कापड शिवतात आणि मग तोच कोट नेसण्यास योग्य ठरतो.